रायफलचा प्रायमर पिस्तुलाच्या काडतुसात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लष्करातली माझी सगळी नोकरी हत्यारांच्या दुरुस्तीत गेली. निवृत्तीनंतर बेळगावात टिळकवाडीला राहायला आलो, तेव्हापासून प्रश्न येत राहिले. काही खानापूर, जांबोटीकडच्या परवानाधारकांचे, तर बरेचसे इथल्याच घरांतून अमेरिकेत गेलेल्या मुलांचे. तिकडे काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचा छंद कायदेशीर आहे. मग एखादा सुट्टीवर येतो आणि चहा पिता पिता विचारतो, "काका, पिस्तुलाचे प्रायमर मिळत नाहीत, रायफलचे बसवले तर?" त्याच वेळी त्याचा इथला चुलतभाऊ ऐकत बसलेला असतो, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. एकेकाला तोंडी सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतो. काडतूस कसं भरायचं, दारू किती घालायची, हे इथे मिळणार नाही.

प्रायमर म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे टोपी म्हणतात, तीच का?

काम तेच, वस्तू वेगळी. ठासणीच्या बंदुकीला बाहेरून निपलवर जी तांब्याची टोपी बसवतात, ती या घराण्यातली आजी. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. गारगोटीच्या बंदुकीचा जाळ आधी दिसायचा आणि पाखरं उडून जायची, हे त्याचं दुखणं होतं. पुढे हीच टोपी पुंगळीच्या बुडात जाऊन बसली.

आजच्या प्रायमरचे तीन भाग. बाहेरची धातूची वाटी, तिच्यात ठोक्याला पेटणारा मसाला, आणि त्यावर एक छोटी तिपाई, तिला ऐरण म्हणू. घोडा दाबला की हत्यारातली पिन वाटीवर आपटते, वाटी आत दबते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडला जातो, आणि ज्योत पुंगळीतल्या भोकातून दारूपर्यंत जाते. लहानपणी आपण टिकल्या दगडावर ठेवून दगडानेच फोडायचो, त्यातलंच तत्त्व. ठासणीच्या टोपीत ऐरण नसते, तिथे निपलच ऐरणीचं काम करतं. म्हणून ती टोपी काडतुसात घालायचा विचारही करू नये.

छोटा रायफल प्रायमर आणि छोटा पिस्तूल प्रायमर एकाच मापाचे असतात. मग फरक कसला?

सगळा घोटाळा या एकाच मापामुळे होतो. दोघांचा व्यास ०.१७५ इंच, म्हणजे साधारण ४.४५ मिलिमीटर. उंचीही जवळपास सारखी. हातात घेतले तर रंगापलीकडे वेगळेपण जाणवत नाही, आणि एकाच्या जागी दुसरा अलगद बसतो. बसला म्हणजे चालला, असा माणसाचा समज होतो.

फरक वाटीच्या पत्र्यात आहे. पिस्तुलाच्या छोट्या प्रायमरची वाटी साधारण १७ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड असते. रायफलच्या साध्या छोट्या प्रायमरची २० थाउच्या आसपास, आणि जास्त दाबासाठीच्या प्रकारांत २५ थाउपर्यंत. कंपनीनुसार आकडे थोडे इकडे तिकडे होतात. तीन-आठ थाउने काय होतं, असं उद्यमबागेच्या कारखान्यांत लेथवर उभा राहणारा माणूस कधी विचारणार नाही. बेअरिंगच्या बैठकीत तेवढाच फरक पडला तर काम परत येतं, हे त्याला ठाऊक असतं.

हा पत्रा दोन कामं करतो आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक, ठोका बसताच दबायचं. दोन, त्याच क्षणी आतून येणारा दाब अडवून धरायचा. .३२ रिव्हॉल्वरच्या काडतुसाची दाबाची कमाल मर्यादा १५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे, .३८ स्पेशलची १७,०००, नऊ एमएमची ३५,०००. .२२३ रायफलचं काडतूस ५५,००० ला जातं, .३०८ तर ६२,००० ला. रायफलमध्ये पिनचा ठोका जोरकस आणि दाब प्रचंड, म्हणून जाड वाटी. पिस्तुलात ठोका हलका आणि दाब कमी, म्हणून पातळ वाटी.

दुसरा फरक मसाल्यात. रायफलच्या पुंगळीत दारू जास्त, तीही सावकाश जळणारी. तिला पेटवायला दांडगी ज्योत लागते. पिस्तुलाच्या लहान पुंगळीत चिमूटभर, झटकन पेटणारी दारू असते. तिथे दांडगी ज्योत गेली की दाब चढू शकतो. किती चढेल ते दारू, गोळी आणि पुंगळीतली रिकामी जागा यांवर ठरतं. नऊ एमएमसारख्या छोट्या पुंगळीत मुळात जागाच कमी, त्यामुळे थोडा बदलही लगेच जाणवतो.

मोठ्या मापाचं काय?

तिथे तर मापही जुळत नाही. व्यास दोघांचा ०.२१० इंच, पण रायफलचा मोठा प्रायमर पिस्तुलाच्या मोठ्या प्रायमरपेक्षा साधारण ८ थाउ उंच असतो. .४५ किंवा .४४ च्या पुंगळीत बसवला तर तो बुडाच्या वर उचललेला राहतो. रिव्हॉल्वर असेल तर चक्री घासते किंवा अडकते. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात स्लाइड (वरचा सरकता भाग) पुढे येऊन थेट त्या उंचवट्यावर आपटते, आणि घोडा दाबायच्या आधीच बार उडू शकतो. प्रायमर खाली बसावा म्हणून पुंगळीचा खड्डा खोल करणारेही आहेत. त्याने पितळ बुडाशी, जिथे ते सर्वांत भक्कम हवं तिथेच, कमजोर होतं. मोठ्या मापात हा बदल करूच नये. यावर माझं दुसरं मत नाही.

मग अमेरिकेत लोक असा बदल करतात कशासाठी?

मुख्य कारण टंचाई. २०२० नंतर तिथे प्रायमर मिळेनासे झाले, दुकानांत रिकाम्या फळ्या, आणि ज्याला जे मिळेल ते तो घेऊन ठेवत होता. काहींकडे रायफलचे छोटे प्रायमर पडून होते, पिस्तुलाचे नव्हते.

दुसरा गट स्पर्धेत गोळी चालवणाऱ्यांचा. ते .३८ सुपर किंवा नऊ एमएम मुद्दाम जास्त दाबाचं भरतात. तेवढ्या दाबाला पिस्तुलाची पातळ वाटी पिनच्या जागी फाटू शकते, म्हणून ते रायफलचा छोटा प्रायमर जाणूनबुजून वापरतात. त्यांची पिस्तुलं त्यासाठी जुळवलेली असतात आणि दारूचं माप त्यांनी खालून सुरू करून, यंत्रावर गोळीचा वेग मोजत वाढवलेलं असतं. तिसरा प्रकार अशा काडतुसांचा, की जी पिस्तुलाची असूनही कारखान्यातच रायफलचा प्रायमर घेऊन जन्माला येतात. .४५४ कॅसूल हे त्यातलं ठळक उदाहरण. रिव्हॉल्वरचं काडतूस, पण दाबाची मर्यादा ६५,०००, म्हणजे .३०८ रायफलच्याही वर, आणि आत रायफलचा छोटा प्रायमर. तिथे उलट पिस्तुलाचा प्रायमर बसवणं धोक्याचं.

म्हणजे "पिस्तुलात रायफलचा प्रायमर कधीच नसतो" हे खरं नाही, आणि "चालतो की" हेही खरं नाही. ज्या काडतुसाच्या मापपुस्तकात जो प्रायमर लिहिला आहे, तोच त्याचा.

माझ्या मित्राने बसवले, शंभरातले शंभर उडाले. मग तुम्ही का घाबरवता?

त्याच्या पिस्तुलाचा ठोका जोरकस असेल. माझ्याच भाच्याची गोष्ट सांगतो, तो टेक्सासला असतो. त्याच्या नऊ एमएमच्या पिस्तुलात रायफलचे प्रायमर बिनतक्रार चालले. मग त्याच पेटीतले प्रायमर त्याने रिव्हॉल्वरच्या काडतुसांत बसवले. घोडा हलका लागावा म्हणून त्या रिव्हॉल्वरची स्प्रिंग आधीच्या मालकाने नरम करून घेतली होती. सहापैकी चार फुसके. पिनची खूण होती, पण उथळ. तो फोनवर वैतागून सांगत होता आणि माझं लक्ष भलतीकडेच होतं. विचारलं, "न उडालेल्यावर किती वेळ थांबलास?" म्हणाला, "मामा, लगेच चक्री उघडली."

ही सवय घातक आहे. ठोका उथळ बसला की मसाला अर्धवट चिरडला जातो. बहुतेक वेळा काहीच होत नाही, पण क्वचित क्षणभर उशिराने पेट घेतो. न उडालेलं काडतूस नळीत असताना तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, मग उघडायचं. रिव्हॉल्वरमध्ये तर दुसऱ्यांदा घोडाही दाबायचा नाही, कारण चक्री फिरते आणि उशिराने पेटणारं काडतूस नळीसमोरून बाजूला गेलेलं असतं.

शंभर उडाले म्हणजे त्या पिस्तुलात, त्या पेटीतले, त्या दिवशी उडाले. स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या हत्याराला एवढ्यावर सोडता येत नाही.

उलट केलं तर? रायफलमध्ये पिस्तुलाचा प्रायमर?

त्याहून वाईट. पातळ वाटी ५५,००० च्या दाबाला फाटते, तापलेला वायू पिनच्या भोकातून मागे येतो, आणि मागे आपला डोळा असतो. शिवाय एआर-१५ सारख्या रायफलींत पिनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) बंद होताना पिन स्वतःच पुढे सरकून प्रायमरवर बारीक टिचकी मारते. जाड वाटी ती सोसते, पातळ कदाचित सोसणार नाही. रायफलच्या छोट्या प्रायमरमध्येही सगळे एकसारखे नाहीत. रेमिंग्टनचा साडेसहा नंबरचा प्रायमर .२२ हॉर्नेटसारख्या सौम्य काडतुसासाठी आहे, .२२३ साठी कंपनी साडेसातचा सांगते. डब्यावर "रायफल" वाचून थांबायचं नाही, नंबर वाचायचा.

मॅग्नम पिस्तूल प्रायमर म्हणजे रायफल प्रायमरच का?

नाही. मॅग्नम म्हणजे जास्त दांडगी ज्योत देणारा पिस्तुलाचाच प्रायमर, म्हणून लोक तसं समजतात. वाटीची जाडी कंपनीप्रमाणे बदलते. एकाच्या जागी दुसरा गृहीत धरू नये.

माझ्याकडच्या रिकाम्या पुंगळीत आत दोन बारीक भोकं दिसतात. ही सदोष आहे का?

सदोष नाही, पद्धत वेगळी. प्रायमरच्या दोन पद्धती आहेत, दोन्ही १८६०च्या दशकातल्या. बॉक्सर पद्धतीत ऐरण प्रायमरच्या आत असते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक असतं. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन भोकं. बॉक्सर इंग्रज होता आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत बॉक्सर रुजला आणि युरोपात बर्डन. लष्करी .३०३ रायफलच्या पुंगळ्या बहुतेक बर्डनच्या. माजी सैनिकांच्या घरांत फुलदाणीसारख्या मांडलेल्या दिसतात त्यांतल्या बऱ्याच याच. दोन पद्धतींचे प्रायमर एकमेकांत बसत नाहीत, तेव्हा अदलाबदलीचा प्रश्नच येत नाही.

बारा बोअरच्या काडतुसाची टोपी?

ती तिसरीच जात. तिला २०९ म्हणतात, स्वतःच्या वेगळ्या खोळीत बसते आणि मापाने बरीच मोठी असते. पिस्तुलाशी किंवा रायफलशी तिचा काही संबंध नाही.

.३२ म्हणजे .३२ ना? रिव्हॉल्वरची काडतुसं पिस्तुलात चालतील?

प्रायमरपेक्षा हा प्रश्न आपल्या भागासाठी महत्त्वाचा, कारण इथल्या परवान्यांवर .३२ पुष्कळ दिसतो. नाही, चालणार नाहीत. कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .३२ रिव्हॉल्वरचं काडतूस लांब, बुडाला ठळक कडा असलेलं. त्याचं मूळ नाव .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. 'अशनी' पिस्तुलाचं .३२ हे खरं ७.६५ ब्राउनिंग, आखूड, आणि त्याची दाबाची मर्यादा २०,५०० पीएसआय. दोघांनाही बोलताना "बत्तीस" म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. पिस्तुलाचं आखूड काडतूस काही जुन्या रिव्हॉल्वरच्या चक्रीत जाऊनही बसतं. मग १५,००० साठी घडवलेल्या चक्रीत २०,५०० चं काडतूस. इथेही बसलं म्हणजे चाललं असं नाही.

दुकानात "बत्तीसचं द्या" न म्हणता "बत्तीस रिव्हॉल्वरचं" किंवा "बत्तीस पिस्तुलाचं" असं स्पष्ट म्हणा. परवान्यावरचा मजकूर कन्नडमध्ये असतो आणि आपल्याकडे घरातल्या मोठ्यांना तो वाचता येतोच असं नाही. कन्नड शाळेत शिकलेल्या नातवाकडून हत्याराच्या प्रकाराची, काडतुसांच्या संख्येची आणि क्षेत्राची ओळ एकदा नीट वाचून घ्या. क्षेत्राची ओळ यासाठी, की शिनोळी लागली की चंदगड तालुका, म्हणजे दुसरं राज्य. आपल्याला ती सोयरीकीची वाट वाटते, नाक्यावरच्या पोलिसाला वाटत नाही.

परवाना आहे, तर घरी काडतूस भरता येईल का?

हत्यार बाळगण्याचा परवाना आणि काडतूस बनवण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. आणि त्या कायद्याची "दारूगोळा" या शब्दाची व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा रुंद आहे. भरलेलं काडतूस तर त्यात येतंच, पण ठोक्याने पेटणारा मसाला असलेल्या वस्तू, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही येतात. म्हणजे अमेरिकेहून येताना बॅगेत टाकलेला प्रायमरचा डबा हाही दारूगोळाच. "रिकामं आहे, दारू कुठे आहे त्यात?" हे उत्तर विमानतळावर चालत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. नऊ एमएम तर सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर (नळीचं माप), त्यामुळे भाच्याचं पाहून तो प्रयोग इथे करायला मूळ हत्यारच नाही.

इथे कारखान्यात भरलेलं काडतूस घ्यावं. शक्तिमान, केएफ ही नावं आपल्याला परकी नाहीत. 'केएफ' म्हणजे खडकीचा कारखाना, १८६९ पासूनचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. प्रायमर कुठला घालायचा हा निर्णय तिथे होतो आणि प्रत्येक खेपेची चाचणी होते. आपल्या गोठ्यात ती होणार नाही.

उद्यमबागेत ओळखीचा टर्नर आहे. वाटी बनवून देईल का?

त्याला विचारूसुद्धा नका. पोरगं हुशार असेल, पत्रा थाउवर आणून देईल, आणि बरोबरीने तोही कलम ५ मध्ये जाईल. मसाल्याबद्दल तर बोलायलाच नको. प्रायमरमधला मसाला आजही बहुतेक शिशाच्या स्टिफनेटचा असतो. सुकलेला मसाला घर्षणाने, ठिणगीने, अंगातल्या स्थिर विजेनेही पेट घेतो. कारखान्यात तो ओला असताना हाताळतात.

जुनी काडतुसं उडत नाहीत. प्रायमर बिघडला असेल का?

बहुधा हो, आणि त्याला बहुधा आपणच जबाबदार असतो. कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस सांगायला नको. चार महिने भिंतींना ओल. त्यावर उपाय म्हणून लोक हत्याराला सढळ हाताने तेल लावतात आणि भरलेलं तसंच ठेवतात. पातळ तेल प्रायमरच्या कडेने आत झिरपतं आणि मसाला मारतं. वरून काडतूस नव्यासारखं चकचकीत दिसतं. काडतुसं हत्यारापासून वेगळी, कोरड्या डब्यात ठेवा, तेलाचा हात लावू नका. जुनी झालेली परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. प्रायमर काढून नवा बसवायचा खटाटोप नको, तो पुन्हा बनवण्यातच जमा होतो.

अर्धवट बिघडलेला प्रायमर जास्त वाईट. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला, धक्का कमी जाणवला, तर पुढची गोळी झाडू नका. पहिली नळीतच अडकलेली असू शकते. हत्यार रिकामं करा आणि जाणकाराला दाखवा.

रानडुकरं ऊस उद्ध्वस्त करतात. त्यासाठी जास्त दमदार काडतूस हवं म्हणून विचारतो.

तुमचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे, एका रात्रीत अर्धा एकर लोळवलेला. पण रिव्हॉल्वरमध्ये प्रायमर बदलून डुकराला पुरेल असा दम येत नाही, फक्त हत्यारावरचा ताण वाढतो. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वन खात्याकडून लेखी लागते. खानापूरचा जंगलपट्टा २०११ पासून भीमगड अभयारण्यामुळे आणखी कडक नजरेखाली आहे. नुकसानभरपाईचा अर्ज मात्र नक्की करा, फोटोसकट.

आजोबांच्या पेटीत टोप्यांचा जुना डबा सापडला. काय करू?

डबा हलवून वाजवून पाहू नका. टोप्या काचेच्या बाटलीत ओतू नका. एकीचा स्फोट झाला तर बाकीच्या एकदम साथ देतात आणि बाटलीची काच गोळीसारखी उडते. चुलीत, विहिरीत, उकिरड्यात टाकू नका. मुलांना लांब ठेवा. डबा आहे तिथे, आहे तसा राहू द्या आणि पोलीस ठाण्यात जाऊन सांगा, "आजोबांच्या सामानात सापडला आहे, येऊन घेऊन जा." आजोबांचा परवाना असेल तर त्याची प्रत न्या. परवानाधारक गेल्यावर हत्यार आणि दारूगोळा जमा करणं तसंही वारसांचं काम असतं. जमा केल्याची पोच घ्या आणि ती सातबाऱ्याच्या कागदांबरोबर जपून ठेवा. डब्याला हात लागला असेल तर जेवायला बसण्यापूर्वी साबणाने स्वच्छ धुवा, त्यात शिसं असू शकतं.